हौसेची गाडी, पुराचं पाणी आणि विमा

10 जुलै 2018. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या. अशा पावसात सखल भागातल्या गाड्यांचं काही खरं नसतं.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. जुन्या, हौसेनं जपलेल्या गाडीची मेख इथेच आहे. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो. पुढे किंमत मालक आणि विमा कंपनीच्या संमतीनं ठरते. हप्त्यातले चार पैसे वाचवायला ती खाली आणू नका, जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्या. सीएनजी किट, अपंगांसाठी बसवलेले हाताचे लीव्हर यांची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) हवी, पॉलिसीतही हवी.

इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल तर स्टार्टर मुळीच मारू नका! सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण पॉलिसीत नसेल तर दावा अडतो. सीटवरची पाण्याची रेषा दिसेल असे फोटो आधी काढा.

दाव्याची रक्कम पटली नाही तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ‘टोटल लॉस’ ठरलेली गाडी स्वतःकडेच ठेवायची असेल, तर भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम मिळते. ही इच्छा नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला सुरुवातीलाच लेखी कळवा.