माळ्यावरचा रेडिओ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुना रेडिओ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा, या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा काही जणींनी नाके मुरडली. लोणच्या-पापडांच्या पंक्तीत हा पाहुणा कोठून आला, असे त्यांना वाटले असावे. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या घरांत माळ्यावर कापडात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ अजूनही सापडतो. मर्फी रेडिओचा कारखाना तर आपल्या ठाण्यातच होता. मुंबई केंद्राचे ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ आणि 3 ऑक्टोबर 1957 पासून विविध भारती, हे सारे ज्या पेटीतून घरात आले, ती पेटी चाळ पाडावयाची ठरली की प्रथम भंगारात निघते. मला त्याचे वाईट वाटते, कारण माळ्यावरचा सेट सहसा मेलेला नसतो. खाली उतरवल्यावर घाईने लावलेला प्लग त्याला मारतो.

डोंबिवलीच्या एका भगिनीच्या घरी असेच झाले. सासऱ्यांचा सेट कित्येक वर्षे बंद होता. पाडव्याच्या दिवशी मुलांनी हौसेने तो पुसून सरळ विजेला जोडला. दोन मिनिटे घूं असा आवाज आला, मग जळका वास, आणि आतला ट्रान्सफॉर्मर गेला. दोष होता फिल्टरच्या कंडेन्सरांचा. हे कंडेन्सर पडून राहिले की त्यांच्या आतला पातळ थर दुबळा होतो, वीज अडविण्याऐवजी ते ती वाहू देतात, आणि सारा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो. त्या कंडेन्सरांची किंमत किरकोळ, पण ट्रान्सफॉर्मर आता मिळणे कठीण.

म्हणून पहिली गोष्ट सिरीज बोर्डाची. कोणताही इलेक्ट्रिशियन तो करून देतो. रेडिओच्या वाटेत साठ वॅटचा एक बल्ब येतो, एवढेच. बल्ब जुन्या तारेचाच हवा, एलईडी येथे कामाचा नाही. बल्ब एकदम उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर प्लग काढा. आत कोठेतरी शॉर्ट आहे.

त्याही आधी सेट कोणत्या जातीचा ते ओळखावयाचे. प्लग काढून मागचा पुठ्ठा उघडा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचा. ईसीएच 81, ईएल 84 अशी ‘ई’ने सुरू होणारी असली तर सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरचा. यूसीएच 81, यूएल 84 अशी ‘यू’ची असली तर सेट एसी-डीसी जातीचा. यात विजेची एक तार सरळ लोखंडी चॅसीला जोडलेली असते. प्लग उलटा लागला तर सबंध चॅसीत वीज खेळते, आणि बटण गळून पडलेल्या दांड्याला बोट लागले तरी घात होतो. हा सेट चालू असताना उघडावयाचा नाही, तो जाणत्या माणसाकडेच न्यावा. येथे धीटपणा मला मान्य नाही. यातले व्हॉल्व्ह दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एकाची तार तुटली की सारेच विझतात. घरचे म्हणतात, “सगळेच गेले!” गेलेला असतो एकच.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटातही प्लग काढल्यावर कंडेन्सरांत अडीचशेच्या आसपास व्होल्ट काही काळ राहू शकतात. थांबावे, मग मीटरने पाहावे. जुने कारागीर एक हात खिशात ठेवून काम करीत. आपल्याला खिसा नाही, आपण तो पाठीशी ठेवावा. पाटल्या काढाव्यात, वेणी बांधावी आणि मंगळसूत्र आत खोचावे. ओणवे झाल्यावर ते चॅसीवर लोंबते, हे आपल्याला कोणत्याही पुस्तकात लिहिलेले सापडावयाचे नाही.

आता दोष शोधावयाचा तो कानाने. सारखी घूं असेल तर बहुधा फिल्टरचे कंडेन्सर. बटण फिरविताना खरखर असेल तर व्हॉल्यूमच्या पट्टीवर धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. आवाज फाटका येत असेल आणि शेवटचा मोठा व्हॉल्व्ह फार तापत असेल, तर त्याच्या आधीचा कागदी कंडेन्सर झिरपतो आहे. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत तो हमखास बिघडतो. मी तर तो न तपासताच बदलते. नवा प्लॅस्टिकचा, 630 व्होल्टचा घ्यावा. लॅमिंग्टन रोडला वडापावच्या मोलाने मिळतो.

सेट अगदी मुका असेल, पण ट्रान्सफॉर्मरचा असेल, तर मागे ‘पिक-अप’ची दोन भोके असतात. ती ग्रामोफोनसाठी होती. पट्ट्याचे बटण ग्रामोफोनवर फिरवून तेथे मोबाइलची तार जोडा. गाणे वाजले तर मागचा अर्धा भाग ठीक, दोष स्टेशन पकडणाऱ्या भागात. न वाजले तर उलट. निम्मा शोध तेथेच संपतो.

आणि सेट नीट झाल्यावरही मीडियम वेव्हवर चरचर आली, तर त्याला दोष देऊ नका. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करा. चरचर थांबली की चोर सापडला.

मागच्या टेबलावर एक सेट उलटा करून ठेवला आहे. प्लग काढलेला आहे, कंडेन्सर मी रिकामे केले आहेत. तो कागदी कंडेन्सर कोठे बसतो ते दाखविण्यासाठी त्याला लाल दोरा बांधला आहे. चहा घेऊन तिकडे या.