जुन्या मालमोटारीची दुखणी



जुनी मोटार उभी करणे आणि जुनी मोटार चालती करणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. उभी करण्याच्या कामास पैसा, कुशल रंगारी आणि पुष्कळ धीर एवढे असले म्हणजे पुरते. ठोकून पत्रा सरळ होतो, गंज खरवडून निघतो, फुटलेली काच बदलता येते, आणि एके दिवशी दारात अशी काही चकाकती वस्तू उभी राहते की येणारा-जाणारा थबकून पाहतो. छायाचित्रे निघतात, पेढे वाटले जातात. परंतु तीच गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नेली की ती कोठे थांबेल आणि का थांबेल, हे कोणासच सांगता येत नाही. खरे काम तेथून पुढे सुरू होते. त्या कामाविषयी, म्हणजे दोष हुडकून काढण्याविषयी, मी आज आपणांशी बोलणार आहे.

ज्या गाडीच्या आधारे मी बोलणार आहे ती १९५१ सालची शेव्हरोले पिकअप होय. पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांना बसण्यापुरती खोली आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ साली ही नवी घडण अमेरिकेत बाजारात आली, आणि १९५५ च्या आरंभापर्यंत चालू राहिली. एका ओळीत सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचे इंजिन, सुमारे ९० अश्वशक्ती आणि अर्ध्या टनाचे ओझे, असा तिचा संसार. शेव्हरोले हे नाव आपल्याकडेही नवखे नव्हते. जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. आमची गाडी मात्र त्या कारखान्यातली नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी मोटारी सहज मिळत. माझ्या पत्नीच्या आजोळी, वाळपईजवळ, ती नारळ आणि कौले वाहण्यासाठी घेतली गेली. पुढे कित्येक वर्षे ती फणसाच्या झाडाखालच्या पडवीत पडून होती.

गाडीचे आजचे मालक माझे मामासासरे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी गाडी माझ्या स्वाधीन केली ती एका अटीवर. ते म्हणाले, "मास्तर, मिरवायची गाडी मला नको. नारळ भरून बेळगावला जाईल तर ठेवा. नाहीतर भंगारवाला फाटकाशी आलाच आहे." भंगारवाला खरोखरच दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. तेव्हा आमच्यापुढे प्रश्न सौंदर्याचा नव्हता. वाळपईहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगाव, हौद्यात ओझे असताना, ही परीक्षा होती.

पहिला दोष विजेचा निघाला. सकाळी गाडी पायाखालचा स्टार्टर दाबताच सुरू होई. पण दहा मैल चालवून बंद केली की पुन्हा सुरू होताना स्टार्टर कण्हू लागे. पाहणाऱ्या प्रत्येकाचे निदान एकच: स्टार्टर गेला. आता ह्या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची आहे. शेव्हरोलेने १२ व्होल्टची पद्धत १९५५ साली स्वीकारली. समजा, स्टार्टरला १२०० वॅट शक्ती हवी. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी १०० अँपिअर प्रवाह लागेल. ६ व्होल्टच्या बॅटरीतून २०० लागेल. तार तीच ठेवली तर प्रवाह दुप्पट म्हणून तारेत होणारी व्होल्टची तूटही दुप्पट, आणि ही दुप्पट तूट निम्म्या भांडवलातून वजा व्हायची! जुन्या कारखानदारांनी करंगळीएवढ्या जाड तारा घातल्या होत्या त्या ह्याच हिशेबाने. आमच्या गाडीला मात्र बॅटरीच्या दुकानात आजकालच्या मोटारींची बारीक तार बसवली गेली होती. त्यातून सांगाड्याला नवा काळा रंग दिलेला, आणि बॅटरीची जमिनीची तार त्या रंगावरच आवळलेली. रंगातून वीज जात नाही, हे रंगाऱ्याने ध्यानात ठेवावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण कोणीतरी ठेवलेच पाहिजे. स्टार्टर फिरत असताना मोजमाप घेतले तेव्हा सहांपैकी जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. जाड तारा घातल्या, रंग खरवडून धातूला धातू भिडवला, आणि तोच जुना स्टार्टर गरम इंजिनालाही हसतखेळत फिरवू लागला.

ब्रेकविषयी थोडक्यात सांगतो. ह्या गाडीला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग आहे. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून वरून धडधाकट दिसणारी प्रत्येक रबरी नळी काढून टाकावी. अशी नळी आतून फुगते, पाय दाबला की तेल पुढे जाऊ देते, आणि पाय काढला की परत येऊ देत नाही. मग ते चाक अडकून तापते, आणि गाडी एका बाजूस ओढते. घाट उतरताना ह्याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. घराहून निघून सुमारे पाऊण तास झाला, केरी मागे पडली, चढ सुरू झाला की इंजिन आचके देऊन बंद पडे. अर्धा तास थांबावे, की जणू काही झालेच नाही अशा थाटात ते सुरू होई. आणि पुन्हा काही वेळाने तोच प्रकार. असे चार वेळा झाले. जमलेल्या मंडळींचे निदान एकमुखी होते: उन्हाने आणि चढाने पेट्रोलची वाफ होते आणि ती नळीत अडते. हे खोटे नव्हे, जुन्या गाड्यांत असे खरोखर घडते, आणि पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा उपाय ट्रकवाल्यांत सर्वत्र प्रसिद्ध आहे. फडके गुंडाळले. गाडी बंद पडली. दुसऱ्या एका कारागिराने कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही एकदम बदलले. गाडी बंद पडली.

बेळगावातील एक वृद्ध मिस्त्री, ज्यांच्यापाशी मी सुटीच्या दिवसांत बसत असे, त्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, दोन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तरी तुम्हांला कळणार काय? आधी ठरवा, ठिणगी जाते का पेट्रोल जाते. आणि ते गाडी बंद असतानाच ठरवा. पुन्हा सुरू झाल्यावर ती काही सांगत नाही."

ह्या शेवटच्या वाक्याचे मोल मोठे आहे. येतो-जातो असा दोष हा गैरहजर साक्षीदारासारखा असतो. तो हजर असेल त्या अर्ध्या तासातच त्याची जबानी घ्यावी लागते. मी एक जादा प्लग खिशात ठेवू लागलो. पाचव्या वेळी गाडी बंद पडताच एका प्लगची तार काढून ती ह्या जादा प्लगला लावली, प्लग इंजिनाच्या धातूवर टेकविला आणि स्टार्टर फिरवावयास सांगितले. ठिणगी निळी आणि जोरकस. वीज निर्दोष सुटली. मग हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एरवी तेथे पेट्रोलची बारीक धार उडते. ती उडाली नाही. कार्ब्युरेटरचे भांडे कोरडे होते. इंजिन निवू दिले, कॉइलची तार सोडली, कारण उघडे पेट्रोल आणि ठिणगी ह्यांची गाठ पडू देणे म्हणजे गाडीची होळी, आणि पंपाकडून येणारी नळी बाटलीत धरून स्टार्टर फिरविला. दोन थेंब आले, पुढे काही नाही.

आता वाफेचा पक्ष बळकट झाला असे आपणांस वाटेल. मलाही क्षणभर तसे वाटले असते. परंतु एक गोष्ट त्यात बसत नव्हती. डिसेंबरातल्या एका थंड पहाटे, सपाट रस्त्यावर, वाळपईच्याच परिसरात फिरवताना गाडी अशीच बंद पडली होती, आणि तीही निघाल्यापासून पाऊण तासानेच. म्हणजे दोष चढाशी बांधलेला नव्हता, उन्हाशीही नव्हता. तो घड्याळाशी बांधलेला होता. घराहून घाट पाऊण तासावर होता म्हणून आम्ही सारे घाटाला दोष देत होतो.

ह्या गाडीची पेट्रोलची टाकी बैठकीच्या पाठीमागे खोलीतच असते, आणि तिचे तोंड बाहेरच्या अंगास. मी जाऊन झाकण फिरविले. सूंऽऽ असा आवाज करीत हवा आत शिरली. पुन्हा नळी बाटलीत धरली, आणि पेट्रोलची भरघोस धार आली.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. ह्या गाडीत ती वाट झाकणातूनच ठेवलेली असते. आमच्या टाकीला रंगकामाच्या वेळी एक नवे, चकचकीत झाकण आणून बसवले होते. ते कोणत्या गाडीचे होते देव जाणे, पण त्याला छिद्र नव्हते. पेट्रोल खर्च होई तसतशी टाकीत पोकळी निर्माण होई, आणि अखेर पंपाची ओढ त्या पोकळीपुढे हरे. अर्ध्या तासात चुकीच्या झाकणाच्या कडेने हळूहळू हवा झिरपे, आणि गाडी 'आपोआप' बरी होई. जुने गंजके झाकण पडवीतल्या डब्यात सापडले. ते धुऊन, त्याचे छिद्र मोकळे करून बसविले, आणि चार महिन्यांचे दुखणे चार मिनिटांत गेले.

ह्याच्या जोडीला पंपातील रबरी पडदाही बदलला, पण तो पंधरा दिवसांनंतर, वेगळा. २०२५ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. ते सोसणारे पडदे आता मिळतात. अमेरिकेत ह्या गाडीवर लोकांचे इतके प्रेम आहे की तिचे रबर, तारा आणि वेष्टने आजही नवी बनतात.

राहता राहिला डिझेल इंजिनाचा प्रश्न. तेलाचा काटा पाहून अनेकांनी सांगितले, हे इंजिन संपले, डिझेलचे बसवा. काटा १४ पौंडांच्या आसपास राही. आजच्या मोटारीत हा आकडा दिसला तर चालकाने घाबरावे. पण ह्या इंजिनाच्या काट्याची मोजपट्टीच ३० वर संपते! येथे दट्ट्यांच्या दांड्यांना पंपाचे दाबलेले तेल मिळत नाही. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पळीसारखे तोंड असते, आणि ते फिरता फिरता खालच्या पन्हळीतले तेल उचलून घेते. बेअरिंगे बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूची. त्यांना मोठा वेग सोसत नाही, हे खरे. ताशी ४५ मैलांच्या पुढे हे इंजिन दामटू नये. परंतु तळ उघडून दांडे तपासले, ढिलाई मोजली, दोन दांड्यांखालच्या पातळ चकत्या काढून ती कमी केली, आणि इंजिनाला अभय दिले. जे यंत्र कसे चालते हे ठाऊक नाही त्याला म्हातारे ठरविण्याची आपणांस फार घाई असते, असे माझे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात चारशे किलो नारळ भरून आम्ही वाळपई सोडली. मामासासरे शेजारी बसले होते. सबंध घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, थांबलो ते एकदाच, तेही चहासाठी. बेळगावला पोहोचल्यावर त्यांनी नारळ मोजून घेतले आणि भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

एक दोष अजून शिल्लक आहे. ह्या गाडीचा मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एका बंद नळीत फिरतो, आणि नळीच्या पुढच्या टोकाची तेलबंदी झिजली आहे. त्यामुळे गिअरपेटीतील तेल नळीवाटे हळूहळू मागच्या पेटीत जाते. पुढे कमी होते, मागे वाढते, आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. नवी तेलबंदी मागविली आहे. ती येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन्ही पेट्यांतील तेल मोजतो आणि मागचे काढून पुढे घालतो.