कारवीची मधली वर्षं



बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली आणि येऊरच्या उतारांवरची कारवी २००८ साली फुलली, नंतर २०१६ मध्ये आणि मग थेट २०२४ मध्ये. आठ वर्षांतून एकदा. २००८ च्या पावसाळ्यात जन्मलेलं मूल पुढच्या बहराला तिसरीत होतं आणि त्याच्या पुढच्या बहराला अकरावीत.

तो निळा-जांभळा बहर पाहायला माणसांची रीघ लागते. लागावीच. पण मला आज बोलायचंय ते मधल्या सात वर्षांविषयी, जेव्हा कारवीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

जूनमध्ये पाऊस पडला की कारवीला मोठाली, खरखरीत, दातेरी पानं फुटतात. अख्खा डोंगर त्यांच्याखाली झाकून जातो. पावसाळा सरला, की हळूहळू पानं झडतात आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उभ्या राहतात. पुन्हा पाऊस, पुन्हा पानं, पुन्हा काटक्या. वाटतं, हिचं काही खरं नाही. पण तेवढ्या काळात मुळांनी उताराची माती घट्ट धरलेली असते आणि खोड जून होत आलेलं असतं. याच काठ्यांचे कूड करून, वर शेणमाती लिंपून सह्याद्रीतल्या कितीतरी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या.

घरात वाढत्या मुलाच्या वाट्याला मात्र आपण अशी मधली वर्षं येऊच देत नाही. दरवर्षी काहीतरी दिसलं पाहिजे: टक्के, पदक, निदान शेजाऱ्यांना सांगण्याजोगं काहीतरी. तेरा-चौदा वर्षांचं पोर खिडकीशी गप्प बसलं तरी घरादाराला घोर लागतो. अहो, बसू द्या त्याला. आत काय चाललंय हे त्याचं त्यालाही अजून उमगलेलं नसतं.

एका उतारावरची कारवी एकदम फुलते खरी, पण एखादं झुडूप वर्षभर आधी फुलतं, एखादं मागाहून. मागे राहिलेल्या झुडपाची फुलंही तितकीच निळी असतात आणि मधमाश्या त्यांच्यावरही येतात. आपलं मूल इतरांच्या मागे पडलं म्हणून रात्र-रात्र जागणाऱ्या आईबापांना मला ते झुडूप दाखवावंसं वाटतं.

फुलून झालं की कारवी मरते. तिचं वाळलेलं झाड मात्र बोंडं सांभाळत सारा उन्हाळा उभं असतं. पुढच्या पावसाचा ओलावा लागला की ती तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं. २०२४ च्या बहराचं बी असंच पुढच्या पावसात रुजलं. ती रोपं आता वाढीला लागली आहेत. फूल दिसायला २०३२ उजाडेल. येत्या पावसाळ्यात मुलांना घेऊन येऊरला जा, आणि या वयातली कारवी त्यांना जवळून दाखवा. पानावरून हात फिरवू द्या, खरखर कळू द्या.