आजोबांची रायफल : ओळख आणि मोल



आमचं सावेडी आज नगरचं एक गजबजलेलं उपनगर आहे. माझ्या आजोबांच्या वेळी मात्र ते शहराबाहेरचं गाव होतं, आणि घराच्या मागल्या दारापासून ज्वारीची रानं सुरू होत. त्या घराच्या माळ्यावर, लाकडी पेटीत, एक रायफल असे. आजोबांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती. परवान्याच्या पुस्तकात पहिली नोंद १९६४ ची आहे. आजोबांनंतर रीतसर काकांच्या नावावर परवाना झाला. २०२१ साली काका वारले आणि काकूंनी मला निरोप पाठवला, "तू कालिजात शिकवतोस, जरा येऊन बघ, हिचं काय करायचं."

काकूंना पैशांची गरज होती. नातीचं शिक्षण चालू होतं. ओळखीतला एक गृहस्थ येऊन, "कागदाची भानगड नको, मी रोख देतो," असं सांगून गेला होता. सांगितलेला आकडाही लहान नव्हता.

म्हणून किमतीच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण खेड्यापाड्यांत पुष्कळ घरं इथंच चुकतात. बंदुकीची मालकी वारसानं येते. ताबा वारसानं येत नाही. परवाना माणसाचा असतो आणि माणसाबरोबर संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे असं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. "वडिलांचंच तर आहे, राहू दे माळ्यावर" असं म्हणणारा भला माणूस कायद्याच्या लेखी विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमा करताना आपणच ती फटफटीवर मारून नेऊ नये. आधी ठाण्याला लेखी कळवावं, तिथून सांगतील तसं करावं, आणि पावती घ्यावी. आम्ही तसंच केलं. ठाण्याचे हवालदार घरी आले आणि त्यांच्यासमोरच पेटी उघडली.

पेटी उघडली की पहिलं काम ओळखीचं नव्हे, सुरक्षिततेचं. नळी मोकळ्या बाजूला, बोट चापापासून लांब, बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही याची खात्री. बोल्ट म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी दाराचा अडसर आठवावा. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. तेवढ्यात रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस नळीत जातं.

हे अडसर मुख्यतः दोन घराण्यांचे. एक जर्मनीच्या माउझर यांचं. १८९८ च्या त्यांच्या नमुन्यात बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन दात असतात आणि ते नळीच्या मागच्या खोबणीत अडकतात. काडतुसाची पेटी दस्त्यात दडलेली असते. दुसरं घराणं ली याचं, म्हणजे फौजेतल्या ली-एनफिल्डचं. त्याचे दात मागच्या बाजूला असतात आणि पेटी दस्त्याखाली बाहेर आलेली दिसते. आमची रायफल दुसऱ्या घराण्यातली निघाली. नळीच्या मागच्या जाड भागावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र होतं. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची ही खूण. जवळच मुकुटाखाली अक्षरं. तो तिथल्या चाचणीगृहाचा शिक्का. आणि त्याहून महत्त्वाचा आकडा : .३१५.

हा आकडा वाचता येणं म्हणजे निम्मी किंमत कळणं. इंग्रजी अमदानीत फौजेची रायफल .३०३ ची होती. फौजेची काडतुसं बाहेर कुणाच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून त्या मापाची हत्यारं खासगी माणसाला देण्यावर बंदी आली, आणि इथल्या बाजारासाठी .३१५ चं माप रूढ झालं. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही याच मापाची शिकारी रायफल बनू लागली. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी. पण .३०३ निघाली तर ती प्रतिबंधित वर्गातली. तिचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीतला, गिऱ्हाईक मिळणं फार अवघड. .३१५ असेल तर परवानाधारकाला ती घेता येते. गावात ज्यांना ही इंग्रजी अक्षरं लागत नाहीत ती मंडळी गुरुजींकडेच येणार. तेव्हा गुरुजी, भिंग घेऊन एक एक खूण कागदावर उतरवा. बोल्टवरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक एकच आहे का, तेही पाहा. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. नाही जुळले तर किंमत उतरते, आणि असा बोल्ट नीट बसतो की नाही हे जाणकार कारागिरानं तपासल्याशिवाय ती रायफल उडवणं धोक्याचंही असतं.

आता नळी. उजेडाकडे धरून आरपार पाहिलं की आतले पीळ दिसतात. आमच्या नळीत पीळ होते, पण गंजानं खाल्लेले खड्डेही होते. याचं कारण विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगता येईल. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, मिठाचाच भाऊबंद. तो क्षार नळीत चिकटून हवेतली ओल ओढतो आणि लोखंड खातो. नुसत्या तेलाच्या बोळ्यानं तो निघत नाही. पाण्यात विरघळतो, म्हणून जुने शिकारी नळीत कढत पाणी ओतत, कोरडी करत आणि मग तेल लावत. आजोबा हे करत. पुढं कुणी केलं नाही.

आणि बाहेरून? इथं मला माझाच गुन्हा सांगितला पाहिजे. बारा वर्षांचा असताना काकांना खूश करावं म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन ती रायफल दुपारभर घासली होती. मूळचा काळसर निळा मुलामा गेला, पितळेच्या तांब्यासारखी लखलखली, आणि डाव्या बाजूची काही अक्षरं पुसट झाली. काका काही बोलले नाहीत. ज्या विक्रेत्यानं पुढं ती पाहिली तो मात्र बोलला : "कुणी घासली हो ही? तिथंच किंमत गेली." जुन्या हत्यारावरचा डाग चालतो, घासलेलं चालत नाही. दस्त्याला वार्निश नको, नळीला रंग नको.

नावाचंही मोल असतंच. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड अशी अक्षरं नळीवर निघाली तर प्रकरण वेगळं. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली रिग्बीची रायफल भेट मिळाली. तिच्यावर तसा लेख कोरलेला चांदीचा पत्रा आहे. तिचं मोल त्या पत्र्यामुळं. "आमच्या पणजोबांना साहेबानं दिली" एवढ्या तोंडी गोष्टीला बाजारात पैसे पडत नाहीत. पत्र, पावती, कोरीव नाव असेल तर पडतात. नुसती जुनी म्हणून ती पुराणवस्तूही होत नाही. कायद्यातली सूट आहे ती दुरुस्तीनंतरही उडू न शकणाऱ्या कालबाह्य हत्याराला.

मागणीचा विचारही करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. आजोबांच्या काळी कर्जतच्या माळावर काळविटांचे कळप असत. आज ते पाहायचे तर रेहेकुरीच्या अभयारण्यात जावं लागतं. शिकारच नाही म्हटल्यावर शिकारी रायफल घेणारे थोडे. शिवाय २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेलं त्यातच मोजतात.

आमच्यापुढं दोन वाटा होत्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे चुलतभावानं वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवाना मागायचा, किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकायची. स्वतःच्या परवान्यावरची बंदूक थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकणाऱ्यानं पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

विक्रेत्यानं सांगितलेली किंमत त्या रोखवाल्या गृहस्थाच्या आकड्याच्या निम्मीही नव्हती. मी काकूंना ती सांगितली तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढ्याच पैशात जायची असली तर राहू दे घरात. पोरीच्या फीचं मी बघते." चुलतभावानं अर्ज केला, बाकीच्या वारसांनी संमतीपत्रं लिहून दिली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत रायफल विक्रेत्याकडे जमा होती, आणि तिची पावती काकूंनी काकांच्या परवान्याच्या पुस्तकात घालून ट्रंकेत ठेवली होती. परवाना हाती आल्यावर चुलतभाऊ ती घेऊन घरी आला. काकूंनी आधी पाणी तापत ठेवलं.