घडी न मोडलेली जर्सी



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय ‘अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल’ असा छापला आहे. विषय मोठा आणि वेळ पाऊण तास. म्हणून मी त्यातला एकच आकडा घेऊन आले आहे : 37 विरुद्ध 0.

7 एप्रिल 2024, क्लीव्हलँड शहर. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, आयोवा विद्यापीठ विरुद्ध साउथ कॅरोलिना विद्यापीठ. आयोवाच्या कॅटलिन क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांतच 18 गुण केले आणि आयोवा 27–20 अशी पुढे गेली. सामना संपला तेव्हा फलकावर 87–75 होतं, साउथ कॅरोलिनाच्या बाजूने. कॅटलिनचे एकूण गुण 30. म्हणजे उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून तिला 12 मिळाले. आता दोन्ही संघांच्या बाकाकडे बघा. सुरुवातीच्या पाच जणींनंतर मैदानात उतरलेल्या मुलींनी साउथ कॅरोलिनासाठी 37 गुण केले. त्यातले 19 एकट्या टेसा जॉन्सनचे, पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीचे. आयोवाच्या बदली खेळाडूंचे गुण शून्य. सामन्यातलं अंतर बाराचं होतं, बाकावरचं सदतीसचं.

कॅटलिन कोण, तिने किती विक्रम केले, हे तुम्ही वाचलेलं आहे. चार वर्षांत 3951 गुण. पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा 3667 गुणांचा विक्रम अर्धशतकाहून अधिक काळ टिकला होता, तो तिने मोडला. त्या खेळात मुलगे-मुली धरून पहिल्या श्रेणीत एवढे गुण कोणाचेच नव्हते. हा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, तोही मुख्यतः तिच्यामुळे. खेळाचे नियमही मी सांगत बसत नाही. पहिल्या दोन रांगांत माझ्याच जुन्या विद्यार्थिनी बसल्या आहेत, त्या शेजारच्यांना सांगतील. (हशा)

चिठ्ठी आली आहे. लिहिलंय, ‘मॅडम, एवढ्या मोठ्या खेळाडूला नावं का ठेवता?’ नाही हो. मी तिला नावं ठेवत नाही, आणि हे मला नीट सांगू द्या. त्या हंगामात ती सामन्याला सरासरी 31.6 गुण करत होती, ते सगळ्यांनी मोजलं. त्याच हंगामात तिने सामन्यामागे जवळजवळ नऊ वेळा दुसरीला असा पास दिला की त्यावर थेट बास्केट झाली. स्वार्थी मुलगी असे पास देत नाही. उपांत्य सामन्यात कनेक्टिकटने तिला पहिल्या अर्ध्यात अक्षरशः बांधून ठेवलं, तेव्हा हॅना स्टुएल्केने 23 गुण केले आणि आयोवा 71–69 अशी जिंकली. आयोवाचा बाक रिता पडायलाही कारण होतं. मॉली डेव्हिसचा गुडघा मार्चमध्ये दुखावला. बाकावरून उत्तम खेळणारी सिडनी अफोल्टर तिच्या जागी पहिल्या पाचात गेली. बाकावरची सर्वांत चांगली मुलगी वर गेली की मागे कोण उरतं, हा माझा प्रश्न आहे. तो कॅटलिनला नाही, प्रशिक्षकांना आहे, आणि आपल्याला आहे.

साउथ कॅरोलिनाने याचं उत्तर वर्षभर आधीच तयार ठेवलं होतं. 2023 च्या उपांत्य सामन्यात याच आयोवाने त्यांना 77–73 असं हरवलं. कॅटलिनचे गुण 41. त्या सामन्यात एक प्रसंग घडला. साउथ कॅरोलिनाची रेव्हन जॉन्सन थ्री-पॉइंटरच्या रेषेबाहेर बॉल घेऊन एकटी उभी होती आणि कॅटलिनने तिच्याकडे बघून हात झटकला. ‘हिला मोकळं सोडा, ही काय टाकणार’, असा त्याचा अर्थ. जगाने ती चित्रफीत पाहिली. रेव्हन तेव्हा बदली खेळाडू होती. त्या हंगामानंतर साउथ कॅरोलिनाच्या पहिल्या पाचही जणी गेल्या. त्यांच्या प्रशिक्षिका डॉन स्टॅली यांनी कालच्या बाकावरच्या मुली उभ्या केल्या. त्यात ही रेव्हन होती आणि कमिला कार्डोसोही होती. हा संघ 38 सामने खेळला आणि 38 जिंकला. संघात सर्वाधिक सरासरी कमिलाची, तीही पंधराच्या आत. आणि अंतिम सामन्यात कॅटलिनला थोपवायला कोण गेली? रेव्हन जॉन्सन. (टाळ्या)

आता आयोवा राज्याबद्दल थोडं सांगते. थोडंच सांगणार होते, पण हे सांगितल्याशिवाय ते राज्य कळत नाही.

आयोवाच्या शाळांतल्या मुली एका वेगळ्याच नियमाने बास्केटबॉल खेळत. एका बाजूला सहा जणी. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मधली रेघ कोणीही ओलांडायची नाही. बॉल दोनदाच आपटायचा, मग पास किंवा शॉट. बास्केट टाकायची ती फक्त फॉरवर्डनी. गार्ड दुसऱ्या अर्ध्यात उभ्या राहून प्रतिस्पर्ध्यांच्या फॉरवर्डना अडवायच्या. ही पद्धत 1993 पर्यंत चालली. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या तिथल्या कित्येक बायका शाळेची सगळी वर्षं बास्केटबॉल खेळल्या आणि सामन्यात त्यांनी एकदाही रिंगकडे बॉल टाकला नाही.

डेनिस लाँग नावाच्या फॉरवर्डने 1968 साली एका सामन्यात 111 गुण केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिला निवडलं. ती निवड रद्द ठरली, ती गोष्ट वेगळी. पण 1968 चाच राज्य अंतिम सामना घ्या. डेनिसने 64 गुण केले. समोरच्या एव्हरली शाळेच्या जीनेट ओल्सनने 76 केले. जिंकली कोण? डेनिसचा संघ, 113–107, तोही जादा वेळेत. शहात्तर गुण करणारी मुलगी हरून घरी गेली.

मला सांगा, त्या सामन्यातल्या बारा जणींपैकी सहा गार्ड होत्या. त्यांची नावं किती जणांना आठवतात? जीनेटला कोणी तरी अडवत होतं, धावत होतं, फाउल घेत होतं. जिंकणाऱ्या संघाच्या गार्ड नसत्या, तर शहात्तरचे नव्वद झाले असते. आयोवाच्या आजच्या मुख्य प्रशिक्षिका जॅन जेन्सन स्वतः त्याच सहा जणींच्या खेळातून आलेल्या फॉरवर्ड आहेत. मला त्या राज्याच्या…

हो, कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. मागून आवाज येतोय, ‘सचिनचं बोला.’ (हशा) एवढंच बोलते. 1999, चेन्नई कसोटी. सचिन 136 वर बाद झाला तेव्हा जिंकायला 17 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. आपण 12 धावांनी हरलो. त्या दिवशी आपण सगळे सचिनसाठी रडलो. उरलेल्या चौघांना अशा क्षणासाठी कोणी कधी तयार केलं होतं का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मी हे अधिकाराने बोलते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत होते. संघात एक अप्रतिम मुलगी होती. निम्मे गुण तिचे. मी तिला एक मिनिटही बाहेर बसवत नसे. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात चार मिनिटं बाकी असताना तिचा पाचवा फाउल झाला आणि तिला बाहेर जावं लागलं. मी बाकाकडे वळले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. दोन हंगाम ती संघाबरोबर सगळीकडे आली होती, पाण्याच्या बाटल्या भरत होती, सरावाला एक दिवस चुकली नव्हती. तिने ट्रॅकसूट काढला आणि मी पाहिलं, तिच्या जर्सीची घडी मोडलेली नव्हती. छातीवर घडीची आडवी रेघ तशीच होती. दोन वर्षं ती जर्सी पिशवीतून येत होती आणि पिशवीतून परत जात होती.

तिच्या हातात बॉल आला तेव्हा ती रिंगखाली मोकळी होती. तिने रिंगकडे बघितलंच नाही. तिने बाकाकडे बघितलं, बाहेर बसलेल्या त्या दुसरीला शोधत. बॉल गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो. मैत्रिणी तिच्यावर रागावल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही. तो दोष तिचा नव्हता. रिंगकडे बघायची सवय सामन्यातच लागते आणि तो सामना मी तिला कधी दिला नव्हता.

पाच मिनिटं म्हणतायत. म्हणून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जूजू वॉटकिन्सबद्दल धावतं सांगते. मार्च 2025 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, पहिल्याच क्वार्टरमध्ये तिचा गुडघा गेला. बाकीच्यांनी तो सामना 96–59 असा जिंकला, पुढचाही जिंकला, मग कनेक्टिकटपुढे हरल्या. अव्वल मुलगी गेल्यावर विजेतेपद कठीणच असतं. पण त्या मुली बाकाकडे बघत उभ्या राहिल्या नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. अव्वल मुलगी असणं हे संघाचं भाग्य आहे, तिचे गुण कमी करायची काही गरज नाही. पण बारा जणींच्या संघातल्या प्रत्येकीला प्रत्येक सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये मैदानात उतरवा, गुण बरोबरीत असताना उतरवा. तीस गुणांनी पुढे गेल्यावर शेवटची दोन मिनिटं दिली तर ती नुसती हजेरी होते. तिला चुकू द्या, तिचा एक सामना हरा, पण डिसेंबरमध्ये हरा. मार्चमध्ये ती तुम्हाला जिंकून देईल.

2 फेब्रुवारी 2025 रोजी आयोवाने कॅटलिनची 22 क्रमांकाची जर्सी आपल्या क्रीडागृहात छताला सन्मानाने टांगली. ती तिथेच शोभते. त्याच दिवशी तिच्याशिवाय खेळणाऱ्या आयोवाने जूजूच्या संघाला 76–69 असं हरवलं. (टाळ्या)

या सभागृहात प्रशिक्षक आहेत, प्राचार्य आहेत, मुलींचे आई-वडील आहेत. तुम्हा सर्वांना माझी एवढीच विनंती आहे. या वर्षीचा हंगाम संपेल तेव्हा तुमच्या संघातल्या बाराच्या बारा जर्सी हातात घेऊन बघा. एकीचीही घडी तशीच असेल, तर तुमचा संघ अजून पुरा झालेला नाही.