अंगावरून जातंय, म्हणून पिशवी काढायची?



आज मी पाळीवर बोलणार आहे. ज्यांना लाज वाटते त्यांनी खाली बघावं, पण कान उघडे ठेवावेत.

हंगाम लागला की जुन्नर-आंबेगावात कोयता उतरतो. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने, आणि फडाच्या कडेला मराठवाड्यातनं आलेल्या जोड्यांच्या कोप्या. नवरा ऊस तोडतो, बाई मोळी बांधते, डोक्यावर घेते, गाडी भरते. एक दिवस पडून राहिली की जोडीचा खाडा, आणि दंड उचलीत लागतो. अशा बाईच्या अंगावरून आठ-आठ दिवस जातंय. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. कुणी डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तिला ते पटतं. ती अडाणी आहे म्हणून नव्हे, तिचा हिशेब बरोबर आहे म्हणून! ऑपरेशनला पैसे पुन्हा मुकादमाकडनंच, म्हणजे नवी उचल.

२०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडचा आकडा आला. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. सहा जणींत एक. बीड लांब आहे म्हणू नका. तीच बाई चार-पाच महिने आपल्या शिवारात राहते, आणि आपल्या चहात तिचीच साखर.

पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी बंद. हाडं ठिसूळ, अंगाची लाही. मग मोळी कशी उचलायची?

आता इलाज ऐका. आधी बोटभर रक्त तपासा. हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेली बाई फडात राबत असते. दिवस गेलेत का, थायरॉइड आहे का, पिशवीत गाठ आहे का, ते बघा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, किंवा औषधाला दाद न देणाऱ्या बाईच्या पिशवीच्या अस्तराचा तुकडा बारीक नळीनं काढता येतो. भूल नाही, खाट नाही, काही मिनिटांचं काम. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करणाऱ्याला पहिला सवाल हाच करा, तुकडा तपासला का?

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी पाळीच्या दिवसांतच घ्यायची. रक्त जवळपास निम्म्यावर येतं. (पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईला मात्र ती देऊ नये.) बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी जपानच्या उताको ओकामोटो या बाईनं नवऱ्याबरोबर १९६२ साली ती शोधली. म्हणजे औषध आपल्यातल्या बहुतेकांहून म्हातारं, तरी कोपीपर्यंत पोचलं नाही.

दुसरी, हार्मोनची तांबी. साधी तांबी रक्त उलट वाढवते, ही घटवते. बसवायची रीत तीच, बाह्यरुग्ण विभागात, वर्षानुवर्षं टिकते. पहिले तीन ते सहा महिने मधेअधे डाग पडतात. हे बाईला आधी सांगा, नाहीतर ती घाबरून काढून टाकेल. मूल नको असलेल्या बाईच्या पिशवीचं अस्तर गरम पाण्याच्या फुग्यानं जाळायचीही सोय आहे; तीही कापाकापीशिवाय.

ब्रिटनमध्ये एनआयसीईनं २००७ सालीच लिहून ठेवलं की नुसतं रक्त जातं म्हणून पिशवी काढणं हा पहिला इलाज नव्हे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलं: विनाकारण पिशव्या काढणं रोखायची केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा.

तेव्हा पुण्यात खोल्या घेऊन शिकणाऱ्या पोरापोरींनो, या हंगामात गावी जाल तेव्हा आशाताईला घेऊन कोप्यांवर जा. आरोग्य केंद्रात विचारा, गोळी आहे का, नळी आहे का, हार्मोनची तांबी बसवणारं कोण आहे? ‘मंचरला जा’ म्हणाले, तर विचारा, त्या दिवसाचा खाडा कोण भरणार?