थुंकू कुठं?
(मंडळीच्या महिला सभेत केलेलं भाषण)



नाताळात तुम्ही आमच्या दवाखान्यासाठी टूथब्रश आणि पेस्ट पाठवलीत, त्याबद्दल आभार. पण खरं सांगते, त्यातले बरेच ब्रश पाकिटासकट घरी गेले. असं का झालं, ते मला एका पावरा आजीनं शिकवलं.

आजी सातपुड्यातल्या पाड्यावरची. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं. आठव्या दिवशी तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. मी ब्रश हातात दिला आणि दात घासण्यावर चांगलं लांबलचक बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थुंकू कुठं?"

नळ व्हरांड्याच्या टोकाला आणि भिंतीवर पाटी, 'थुंकू नये'. घरी ती रोज बाभळीच्या काडीनं दात घासायची. नातवानं आणलेल्या काड्या उशाशी होत्या. झाडलोटीत आम्हीच त्या कचरा म्हणून टाकल्या होत्या!

ही बाब साधी नाही. पडून असलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. लकवा झालेल्यांना, गिळता न येणाऱ्यांना धोका जास्त. नातेवाईक म्हणतात, "नळीनं दूध चाललंय, तोंडात घास नाही, मग दात कशाला घासायचे?" पण चावणं थांबलं की लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि लवकर घाण होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतायचं नाही. त्याला कुशीवर वळवून ओल्या, पिळलेल्या गॉजनं दात, हिरड्या आणि जीभ पुसायची. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची.

मशेरीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ती तंबाखूच आहे. जखम भरायला उशीर होतो, तोंडाच्या कॅन्सरचं भय आहेच. पण रागावलं की बाया डबी लपवतात, एवढंच होतं. आम्ही आता दातवण देतो आणि जवळ बसतो.

आता भरतीच्या वेळीच आम्ही विचारतो, घरी दात कशानं घासता? काडी असेल तर काडी, ब्रश हवा त्याला ब्रश.

आमच्याकडे खाटा 40 आणि थुंकायचे ट्रे 22. या वर्षी ब्रश नकोत, ट्रे आणि पाण्याचे मग पाठवा. स्टीलचे असतील तर उकळता येतात.